कोसा कुणाचा?



धानाचा भाव, विजेचे बिल, सोसायटीचे कर्ज या विषयांवर आम्ही या पानांवर नेहमी लिहितो. या वेळी एका शब्दावर लिहिणार आहोत. जिल्हा बैठकीच्या अंकात शब्दाचा कीस कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. वाचून झाल्यावर बोला.

शब्द आहे कोसा.

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात हा शब्द दिवसभर कानावर पडतो. ‘कोसा उकळायला टाकला’ म्हणजे कोश भांड्यात टाकले. ‘कोसा कांडीवर घेतला’ म्हणजे सूत भरले. ‘कोसा विणून राह्यलो’ म्हणजे मागावर कापड चालू आहे. आणि ‘पोरीच्या लग्नात कोसा घेतला’ म्हणजे साडी घेतली. झाडाच्या फांदीला लटकलेल्या अळीच्या घरापासून नवरीच्या पदरापर्यंत एकच शब्द. धानाचे तसे नसते. बांधीत असतो तोवर धान, गिरणीतून निघाला की तांदूळ, ताटात पडला की भात. नाव बदलत जाते आणि नावाबरोबर मालकही बदलतो, म्हणून आपल्याला कळते तरी की माल आपल्या हातून गेला. कोशाचे नाव शेवटपर्यंत बदलत नाही. मालक मात्र चार वेळा बदलतो, आणि पहिल्या मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

गेल्या लग्नसराईत घरच्यांसोबत आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. कोसा दाखवा म्हटले. दुकानदार म्हणाला, “कोणता दाखवू भाऊ? प्युअर, सेमी की आर्ट?”

“सेमी म्हणजे काय हो?”

“दिसायला तोच. धुवायला सोपा.”

प्युअर काढायला सांगितला. साडी देखणी होती, काठही करवती होता. सूत कुठले, असे विचारले. “सूत बाहेरून येते.” बाहेरून म्हणजे कुठून? “बाहेरून म्हणजे बाहेरून. साडी तर भंडाऱ्याचीच आहे ना!”

हे आम्ही आंधळगावच्या एका म्हाताऱ्या विणकर बाबाजींना सांगितले. ते खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. धोटा फेकता फेकताच बोलले, “कोसा मनजे झाडावरचा जी. बाकीच्याले आमी सूत मनतो.”

कृषी पदवीसाठी आम्ही चार वर्षे घालवली. पण या विषयात इतकी नेमकी व्याख्या आम्हाला कोणी शिकवली नव्हती. या लेखात पुढे जे काही आहे ते या दोन वाक्यांचा विस्तार आहे, असेच समजा.

आता शब्दाच्या मुळाकडे. कोसा हा संस्कृतातल्या ‘कोश’चा वंशज आहे. कोश म्हणजे आवरण, पेटी, म्यान, साठा. राजाचा खजिना तो राजकोश आणि शब्दांचा साठा तो शब्दकोश. अळीने स्वतःभोवती बांधलेले घर तोही कोश. पाणिनीने आपल्या व्याकरणात या कोशापासून ‘कौशेय’ शब्द कसा होतो ते स्वतंत्र सूत्रात सांगितले आहे. कौशेय म्हणजे रेशमी वस्त्र. आपल्या मराठीत कोशाला ‘कोसला’ असाही शब्द आहे. भालचंद्र नेमाड्यांनी १९६३ साली कादंबरीला तेच नाव दिले आणि मग शिकलेल्या लोकांना तो शब्द पुस्तकातला वाटू लागला. आपल्याकडे तो फांदीवरचाच राहिला.

‘रेशीम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. म्हणजे शहरात, दरबारात, बाजारात जे बोलले गेले ते रेशीम, आणि झाडीपट्टीत बोलले गेले तो कोसा. छत्तीसगडमध्ये चांपा-कोरब्याकडेही कोसाच म्हणतात. जंगल एक, झाड एक, म्हणून शब्दही एक. विणणाऱ्यांना कोष्टी म्हणतात ते या कोशावरूनच, असे जुने लोक सांगतात. कोष्टी या शब्दावरून पुढे दाखले, पडताळण्या आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल असे मोठे महाभारत झाले. त्यात आज शिरत नाही.

सरकारी कागदावरचा शब्द वेगळा आहे: टसर. तोही आपलाच, आणि तोही जुना. संस्कृतात ‘तसर’ म्हणजे विणकराचा धोटा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विणकामाचे रूपक आहे, तिथे हा शब्द येतो. कोशाचा आकार धोट्यासारखा, दोन्हीकडे निमुळता, म्हणून कोशालाही तेच नाव पडले असावे, असे मानतात. आंधळगावच्या त्या बाबाजींच्या हातात हाच तसर होता, आणि तसरात भरलेलेही टसरच होते.

या शब्दाने पुढे समुद्र ओलांडला. इंग्रजांना या रेशमाचा रंग आवडे, पण त्यावर त्यांचा रंग चढत नसे. इंग्लंडमधल्या लीक गावच्या थॉमस वॉर्डल नावाच्या रंगाऱ्याने त्यावर खटपट केली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात टसर मांडले. तेव्हापासून युरोपच्या बाजारात ‘टसर’, ‘टसोर’, ‘टसा’ अशी रूपे रुळली. इथेच आपल्या शब्दाला पहिले भोक पडले. चीनमध्ये ओकच्या झाडावर वाढणारी एक दुसरी रेशमाची अळी आहे. ती आपल्या अळीची चुलत बहीण म्हणा. जात वेगळी, झाड वेगळे, हवामान वेगळे. तिच्या रेशमालाही व्यापाऱ्यांनी ‘टसा’ हेच नाव लावले. आज चिनी सूत आपल्या देशातल्या टसर विणकामाच्या केंद्रांवर येते तेव्हा ते खोटे नाव घेऊन येत नाही. ते आपलेच नाव घेऊन येते. आपण दिलेले, किंवा आपल्याकडून नेलेले.

कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहा. राजाच्या खजिन्यात कोणत्या वस्तू घ्यायच्या याची यादी आहे. त्यात ‘कौशेय’ वेगळे लिहिले आहे आणि चीनभूमीतून आलेले ‘चीनपट्ट’ वेगळे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना ग्रंथ आहे हा. जकात बसवणाऱ्या त्या माणसाला दोन मालांसाठी दोन शब्द लागत होते. आपल्या आजच्या बाजाराला एकच पुरतो.

चिनी सूत वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. विणकराची अडचण आम्हाला कळते. त्याला एकसारखे, न तुटणारे, वेळेवर मिळणारे सूत ताण्याला हवे. ते गावात मिळाले नाही तर तो मिळेल तिथून घेईल. त्याची चूल त्या मागावर पेटते. सीमा बंद करा, अशी मागणीही आम्ही करणार नाही; आपल्या मालाला बाजार मोकळा मागायचा आणि दुसऱ्याच्या मालाला दार लावायचे, हे आपल्याला शोभत नाही. आमची मागणी लहान आहे. माल येऊ द्या, पण स्वतःच्या नावाने येऊ द्या.

कारण नाव गेले की भाव कसा जातो, ते पाहायला झाडाखाली यावे लागेल.

कोशाची अळी ऐनाच्या झाडावर वाढते. आपल्याकडे कोणी येन म्हणतात. अर्जुनावरही वाढते. तुतीची अळी घरात, ट्रेमध्ये, पाला तोडून वाढवता येते. टसरची अळी घरात राहत नाही. तिला उघडे झाड, ऊन, पाऊस, वारा लागतो. पावसाळा लागला की गेल्या मोसमातल्या कोशांतून पतंग बाहेर पडतात. एक मादी दीडशे ते अडीचशे अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या मुंगीएवढ्या अळ्या कोवळ्या पालवीवर सोडायच्या. त्या चार वेळा कात टाकतात. एका झाडाचा पाला संपला की फांदी छाटून दुसऱ्या झाडावर न्यायच्या. महिना-सव्वा महिना हे चालते. थंडी लागली तर जास्त. शेवटी बोटाएवढी हिरवीगार झालेली अळी फांदीला एक कडे घालते, त्याला देठ काढते आणि त्या देठाला टांगून कोश बांधते. वाऱ्याने पान गळेल, कोश गळणार नाही.

या सगळ्या दिवसांत माणूस झाडाखाली असतो. कावळे आहेत, माकडे आहेत, मुंग्या आणि गांधीलमाश्या आहेत. अळीच्या अंगावर अंडी घालणारी उझी माशी आहे. आपल्या भागात हे काम मुख्यतः ढिवर बांधव करतात. तळ्यात मासे धरणारा हाच माणूस पावसाळ्यात गलोल घेऊन ऐनाखाली बसतो. रात्री तिथेच झोपतो. त्याला विचारा, किती दिवसांची मजुरी झाली? त्याने कधी मोजलेली नसते. आपणही धानाच्या राखणीचे दिवस कुठे मोजतो?

मग रोग. टसरमध्ये सर्वांत वाईट रोग पेब्रिन. आईकडून अंड्यात उतरतो आणि सारे पीक बसवतो. त्यावर उपाय एकच: मादीने अंडी घातली की तिला सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, रोग दिसला तर तिची अंडी नष्ट करायची. १८६५ नंतर फ्रान्समध्ये लुई पाश्चरने हीच रीत बसवून तिथला रेशीम धंदा सावरला. आज आपल्याकडे ज्याला रोगमुक्त अंडीपुंज म्हणतात ते हेच. म्हणजे बियाण्याचा प्रश्न इथेही आहे. वेळेवर चांगले अंडीपुंज मिळाले नाहीत तर पावसाळा निघून जातो, आणि पावसाळा उसना मिळत नाही.

आम्ही कॉलेजात शिकलो तेव्हा रेशीम म्हणजे तुती. टसर अर्ध्या पानात आटोपले होते, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून तेही आम्ही वाचले नाही. आज लाज वाटते. देशातल्या टसर अळीच्या स्थानिक वाणांची शास्त्रज्ञांनी यादी केली आहे: डाबा, रैली, मोदल, सुकिंदा… आणि ‘भंडारा’. होय, आपल्या जिल्ह्याच्या नावाचा वाण आहे. धानाचे देशी वाण गेले म्हणून आपण हळहळतो. हा वाण ऐनाच्या झाडावर अजून जिवंत आहे आणि आपल्यातल्या किती जणांना तो माहीत आहे?

कोश तयार झाला की तो विकला जातो नगावर. शेकडा, हजार. वजनावर नाही. हा हिशेब वरवर सोपा आहे आणि आत खोल आहे. जाड कवचाचा कोश आणि पातळ कवचाचा कोश मोजायला एकच नग. सूत निघते कवचातून. चांगल्या कोशाला प्रत लावून जास्त भाव मिळायला हवा. पण प्रत ठरवतो तो घेणारा, आणि तो बोटाने दाबून ठरवतो. कापसाची प्रत डोळ्याने लावून आपल्याला किती वर्षे नागवले गेले ते विदर्भाच्या शेतकऱ्याला सांगायला नको. तीच कथा, पीक तेवढे वेगळे.

कोशानंतर बायका येतात. टसरचा कोश तुतीच्या कोशासारखा मऊ नसतो, टणक असतो. सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करावा लागतो. मग त्यातून तार काढायची. पिढ्यान्‌पिढ्या ही तार बायांनी मांडीवर घासून काढली. चार-पाच कोशांचे टोक एकत्र धरायचे आणि तळव्याने मांडीवर पीळ द्यायचा. दिवसभर. मांडीची कातडी सोलते, काळी पडते, पाठ धरते. ही पद्धत मार्च २०२० पर्यंत देशातून बंद करू, असे केंद्र सरकारने जाहीर केले होते आणि त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले. यंत्र चांगले आहे. ते ज्या घरात पोचले तिथल्या बाईला विचारा, ती तुम्हाला मांडी दाखवणार नाही, पण हसून दाखवेल. सर्व घरांत पोचले का, ते जिल्हा बैठकीत आलेल्या मायबहिणींनी सांगावे.

पतंग बाहेर पडलेला कोश फुटका असतो. त्याची सलग तार निघत नाही. तोही वाया जात नाही. त्याचे जाडेभरडे सूत काततात, त्याचे कापड गाठाळ पण ऊबदार. गंमत अशी की शहरातल्या हौशी गिऱ्हाइकांना हल्ली हेच गाठाळ कापड जास्त आवडते आणि त्याचे पैसेही ते बरे मोजतात. कोश फुटका म्हणून पालकाला मात्र कमी भाव मिळालेला असतो.

शेवटी माग. आंधळगावचे नाव आहे करवती काठाच्या साडीसाठी. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून करवती. ती छापलेली नसते, भरलेली नसते. तीन धोट्यांवर विणलेली असते: दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. प्रत्येक ओळीला काठाचे सूत आणि अंगाचे सूत एकमेकांत अडकवावे लागते. दाते सरळ आले पाहिजेत. अंग कोशाचे आणि काठ बहुधा सुती, गडद रंगाचा. यंत्रमागावर करवतीचे चित्र काढता येते, करवत नाही. साडीची उलटी बाजू पाहा, लगेच कळते.

या कामाला सरकारने शिक्के दिले आहेत, ते मान्य केले पाहिजे. २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आहे. तो सांगतो की हे अस्सल रेशीम आहे. २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. तो सांगतो की हे हातमागावर विणले. आणि ‘करवत काटी साड्या व कापड’ या नावाने भौगोलिक उपदर्शनाची नोंदही झाली आहे. आता नीट पाहा. पहिला शिक्का रेशमाचा. रेशीम चीनमधले असले तरी ते रेशीमच, शिक्का खोटा नाही. दुसरा मागाचा. तिसरा साडीचा आणि कापडाचा. तीन शिक्के लागले, आणि ज्या शब्दाने सुरुवात झाली त्या कोशाबद्दल, कोणत्या झाडावर, कोणाच्या राखणीत तो वाढला, याबद्दल एकही अक्षर नाही. विणकराच्या नावाला निदान जागा मिळाली, त्याचा आम्हाला आनंद आहे. पण झाडाखालचा माणूस लेबलावर कुठेच नाही. म्हणून दुकानदार बिनधास्त म्हणू शकतो, सूत बाहेरून, साडी भंडाऱ्याची.

असे का झाले? कारण आपल्या शब्दाचे सरकारी कपाटांत तुकडे झाले आहेत. कोशाची अळी सांभाळणारे रेशीम संचालनालय नागपूरला १९९७ साली झाले. ते वस्त्रोद्योग खात्याकडे. केंद्रातले रेशीम मंडळही वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे. झाड वन खात्याकडे. राखण करणारा माणूस कागदावर कधी शेतकरी, कधी मच्छीमार, कधी मजूर. आमच्या एका ओळखीच्या पालकाला पीक गेल्यावर एका टेबलावर सांगितले गेले की हे शेतीचे पीक नाही, आणि दुसऱ्या टेबलावर सांगितले गेले की हा उद्योगही नाही. मग आहे तरी काय, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले, “अर्ज ठेवून जा.”

कायद्याचे शब्द तर आणखी मजेदार. १९२७ चा भारतीय वन कायदा काढून ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या वाचा. जंगलात सापडलेल्या किंवा तिथून आणलेल्या वस्तूंच्या यादीत कातडी, हस्तिदंत, शिंगे यांच्या रांगेत ‘रेशीम, कोश, मध आणि मेण’ लिहिले आहे. म्हणजे ढिवराने रात्री जागून राखलेला कोश आणि मेलेल्या हत्तीचा दात कायद्याने एकाच माळेत ओवले. मालक कोण? सरकार. बरे, ऐन आपल्या स्वतःच्या धुऱ्यावर असेल तर? तर १९६४ चा राज्याचा वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत सागाबरोबर, मोहाबरोबर ऐनही आहे. झाड तुमचे, सावली तुमची, कुऱ्हाडीचा परवाना साहेबांचा. मग धुऱ्यावर ऐन लावायला शेतकरी कचरतो यात नवल काय?

२००६ साली वनहक्क कायदा आला आणि त्याने हीच यादी उलटी केली. ‘गौण वनोपज’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू, तेंदू, मध, मेण, लाख यांच्यासोबत ‘टसर, कोश’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर मालकी, वापर आणि विक्रीचा हक्क वनात राहणाऱ्यांना दिला आहे. (व्याख्या म्हणते ‘वनस्पतीपासून मिळणारे’, आणि लगेच कोश आणि मध मोजते. अळी आणि मधमाशी वनस्पतीत कधी गेल्या, हे आम्हा कृषी पदवीधरांना कळलेले नाही. पण चूक आपल्या बाजूने आहे, तेव्हा गप्प बसू.)

शब्दाने एवढा फरक पडतो का, असे वाटत असेल तर शेजारच्या गडचिरोलीत बांबूचे काय झाले ते आठवा. १९२७ च्या कायद्याने ‘झाड’ या शब्दात बांबू घातला होता. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, हे शाळेतल्या पोराला माहीत. पण कायद्यात झाड, म्हणून तो वन खात्याचा. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना मिळेना. २०११ साली केंद्राचे वनमंत्री स्वतः गावात आले तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले आणि गावाने आपला बांबू आपल्या भावाने विकला. पुढे २०१७ साली संसदेने ‘झाड’च्या व्याख्येतून बांबू काढला. एका शब्दातून एक शब्द काढायला नव्वद वर्षे गेली.

कोशाला तेवढी वर्षे नाहीत. राखण करणाऱ्यांची पोरे नागपूर-हैदराबादला बांधकामावर चालली आहेत. आंधळगावात ज्या घरांत चार माग होते त्यांतल्या कित्येकांत एक उरला आहे आणि त्यावर साठी ओलांडलेला माणूस बसतो. त्याला आम्ही दोष देणार नाही आणि त्याच्या पोरालाही नाही. भाव नसलेल्या धंद्यात परंपरेसाठी थांबा, असे सांगणारे लोक सहसा पगारावर असतात.

बैठकीत आम्ही काय मांडणार आहोत ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घरून विचार करून येता येईल. करवती साडीच्या लेबलावर सुताचे मूळ लिहिले पाहिजे. भंडारा-गडचिरोलीचा कोश असेल तर तसे, चिनी असेल तर तसे, मिसळ असेल तर ताणा कुठला आणि बाणा कुठला ते. यात विणकराचे काही जात नाही. झाडावरच्या कोशाची साडी घेऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती ओळखता आली की तिचा भाव आपोआप वेगळा होतो. कोशाची खरेदी कवचाच्या वजनावर आणि ठरलेल्या प्रतीवर, पालकासमोर, काट्यावर व्हावी. आंधळगावचे विणकर आणि कोश राखणारी गावे यांनी हंगामाआधी एकत्र बसून किती कोश लागतील ते बोलून घ्यावे. सरकारची वाट पाहायची गरज नाही, एका सकाळचे काम आहे. ज्या गावांचे सामूहिक वनहक्क मंजूर आहेत त्यांनी आपल्या जंगलातला ऐन-अर्जुन मोजून ग्रामसभेच्या वहीत ‘कोसा’ हा शब्द लिहावा. आजवर बहुतेक वह्यांत तेंदू आणि मोह आहे, कोसा नाही. आणि तुती लावायला रोजगार हमीतून पैसे मिळतात, तसे धुऱ्यावर ऐन लावायलाही मिळावेत, तोडीचा परवाना न मागता.

शेवटच्या मुद्द्यावर आमच्यातच दोन मते आहेत. काहींना वाटते, योजना मागितली की अधिकारी आला, अधिकारी आला की टक्केवारी आली. त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यावर भांडू. भांडायलाच जमतो आहोत.

बैठकीला येताना दोन गोष्टी आणा. तुमच्या शिवारात ऐनावर कोश दिसला तर देठासकट एक. आणि घरात ‘कोसा’ म्हणून घेतलेली साडी असेल तर तिच्या पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा. रेशीम असेल तर जळताना केसासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. चिनी की आपले, हे मात्र जाळून कळणार नाही. ज्यांच्या साडीची गोळी होईल त्यांनी घरी गेल्यावर कोणाला काय सांगायचे ते आपले आपण ठरवावे. काडीपेटी आम्ही आणतो.